तूप हुंगणारा

वाशिमच्या बाजारात आमचं तुपाचं दुकान होतं आणि तुपाची पारख काका करत. आमच्या डब्यांतलं तूप त्यांच्या नाकाला कधीच खराब लागलं नाही. शेजारच्या दुकानातलं मात्र त्यांना रस्त्यावरूनच खवट लागे. गिऱ्हाईक कुरकुरू लागलं, तेव्हा बाबांनी बाहेरचा पारखी बोलावला.

दर बाजाराला तो लिंबाखाली बसलेला दिसे. नाव मी कधी विचारलं नाही. हाताच्या पाठीवर तूप चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि आधीचा वास जावा म्हणून पुढच्या डब्याआधी दोन फुटाणे चावायचा. कुठल्याच दुकानाचं पाणी पीत नसे.

तो दुकानात आला, पण आमच्या डब्याला त्याने हातच लावला नाही.

"काहून हुंगत नाही?" बाबांनी विचारलं.

"तुमचा घरचा पारखी हाये न."

"लोकाह्यले त्याचा भरोसा नाही."

"मंग माह्या नाकाचा तरी कायले? आज तुमी सारे याच डब्यातलं तूप वाढून घ्या. मी इथं बसतो."

दुकानामागेच आमचं घर. तो मधल्या उंबऱ्यात बसला. आईने पानं वाढली, शेजारी तो डबा ठेवला. आमच्या घरचं तूप आसेगावहून वेगळं येई, पण ते आता फडताळातून काढणार कोण?

"उन्हाळ्यात तूप बाधते," काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. सगळ्यांनी बिनतुपाचा वरणभात खाल्ला.

त्याने उरलेले फुटाणे खिशात टाकले.

"झाली पारख," म्हणाला आणि उठला.