मी अर्धंच सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. जवळच्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगू शकते, कारण तुम्ही समोर नाही आहात — मला चेहऱ्याकडे बघत बोलता येत नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी घाबरले नव्हते. लहानही नव्हते — चोवीस वर्षांची होते. माझ्यासाठी कारण शोधू नका.

आईची बोटं जाड होत चालली होती. अंगठी निघेना, चपलेचा नंबर वाढला. “माका परत शाळेत घाला, पाय वाढतत माझे,” म्हणून तीच हसायची. मग रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकाला आत बोलावतात. आमच्या दहिसरच्या घरात इंग्रजी म्हणजे मी — बँकेचं पत्र असो, सोसायटीची नोटीस असो. पप्पांनी मलाच पुढे केलं.

डॉक्टरांनी स्क्रीनवर पेनाचं टोक टेकवलं. या गाठीचे प्रकार असतात, म्हणाले. एक प्रकार नुसत्या गोळ्यांनी आकसतो, ऑपरेशन लागत नाही. तुमच्या आईची ती नाही. एमआरआय आणि रक्त, दोन्ही तेच सांगतायत — ही वाढीचं हार्मोन बनवणारी आहे. काढावी लागेल, आणि लवकर, कारण शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

मला कळलं नाही असं वाटतं? शब्द न् शब्द कळला.

पण पुढच्या सोमवारी मला बेंगळुरूत नोकरीवर हजर व्हायचं होतं. पहिल्यांदा स्वतःची खोली मिळणार होती. ऑपरेशन म्हणजे मी घरी. इतकंच — याहून मोठं काही नव्हतं.

बाहेर आले. आईने विचारलं, “काय सांगल्यान गो डॉक्टरान?”

“एक प्रकार गोळ्यांनी आकसतो म्हणाले.”

“म्हणजे आपली तीच ना?” पप्पा म्हणाले.

“हो.”

तिच्या डायबिटीसच्या गोळ्या चालू होत्याच. त्यांनीच गाठ आकसेल, त्याच चालू ठेवायच्या, असं मी सांगितलं. फाइल माझ्या बॅगेत गेली. फॉर्मवर नंबर माझा होता. हॉस्पिटलातून दोनदा फोन आला, पेशंट गावी गेलीय असं मी सांगितलं.

आठ महिन्यांनी आईचं डोकं इतकं दुखायला लागलं की पप्पांनी तिला पुन्हा तिथेच नेलं. मी बेंगळुरूहून धावत आले. नव्या एमआरआयमध्ये गाठ रक्तवाहिनीला वेढून बसलेली. नाकातून ऑपरेशन केलं, निघाली तेवढी काढली. उरलेल्या गाठीसाठी आता दर महिन्याला इंजेक्शन, बहुतेक कायमचं.

“तेव्हाच का नाही आलात?” डॉक्टरांनी विचारलं. पप्पांनी हात जोडले. “आमचंच चुकलं साहेब. गोळ्यांवर राहिलो.” कुठल्या गोळ्या? — डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलकडे.

तेव्हा बोलता आलं असतं? आलं असतं. बोलले नाही.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मी बेंगळुरूला परत गेले. मी दुःखात होरपळले असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ऑपरेशनआधीचे ते आठ महिने माझे खूप छान गेले. मी खिडकीला पिवळे पडदे लावले होते, आणि रात्री शांत झोपत होते.