देवघराच्या खणातला बोल्ट

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मी हाताळलेली बहुतेक प्रकरणं आता मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. फेल्डहोवनच्या त्या घराचं मात्र तसं होत नाही.

मी नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे पुण्याहून नेदरलँड्सला आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात भरती झालो. आमच्या तपास पथकात मराठी येणारा मी एकटाच. तीस वर्षांत त्याचा सरकारला काडीचा उपयोग झाला नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पथकप्रमुखाने मला बोलावलं. निनावी माहिती देण्याच्या लाइनवर कुणीतरी एक फोटो पाठवला होता. पाटावर लाल कापड, त्यावर जुनी लष्करी रायफल, बाजूला लॅपटॉप आणि सायकलची किल्ली, झेंडूची फुलं, आणि सगळ्यावर लाल ठिपके.

"हे रक्त आहे का?" त्याने विचारलं.

"कुंकू आहे. दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो."

"वापरण्याआधी?"

"वापरत कुणी नाही. माझी आई शिवणयंत्राची करायची."

तो हसला नाही. फोटो मराठी कुटुंबांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा होता. त्याखाली कितीतरी जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती. त्यांतल्याच एकाने तो आमच्याकडे पाठवला. कोणी, हे मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

त्याच दुपारी झडती झाली. रायफल माळ्यावर होती, कापडात नीट गुंडाळलेली. भारतात हवालदारांपासून रिझर्व्ह पोलिसांपर्यंत सगळ्यांनी कधीकाळी खांद्यावर वाहिलेली तीच थ्री-नॉट-थ्री. फक्त तिला बोल्ट नव्हता. बोल्ट म्हणजे मागचा सरकता दांडा. तो काडतूस आत ढकलतो आणि जागेवर धरतो. तो नसेल तर रायफल म्हणजे लाकूड आणि नळी. सगळं घर पालथं घातलं. देवघरापाशी मी सहकाऱ्यांना थांबवलं आणि म्हणालो, "इथलं मी बघतो." बूट काढले, हात जोडले, मूर्तींच्या मागे पाहिलं. खालचा खण उघडला नाही. वाती आणि कापूर असणार, असं धरून चाललो.

घरमालक चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. वय अडतीस. सहा वर्षं इथे, नागरिकत्वाचा अर्ज केलेला, निकाल काही आठवड्यांवर. बायको आणि सात वर्षांची मुलगी. गुन्हा सिद्ध झाला तर अर्ज बाद, नोकरी जाणार, आणि नोकरीला बांधलेला वास्तव्याचा परवानाही जाणार, हे त्याच्या वकिलाने त्याला आधीच बजावलं होतं.

चौकशी इंग्रजीत झाली. वकील शेजारी बसलेला. इंजिनिअरचं म्हणणं ठाम होतं. रायफल एकसंध विकत घेतलेली नाही. चार वर्षांत, बेल्जियममधल्या जुन्या बाजारांतून, एकेक भाग गोळा केला. प्रत्येक पावतीवर 'निकामी, शोभेसाठी' असं लिहिलेलं. फोटोतला बोल्टही शोभेचाच होता आणि तो आता हरवला आहे. आमच्या तज्ज्ञाचं मत होतं की बोल्ट मिळेपर्यंत हत्यार चालतं की नाही हे सांगता येणार नाही. सरकारी वकील दंडावर भागवायला तयार होते. मीही तयार होतो, असं मला आज म्हणायला आवडेल.

कॉफी आली. रेकॉर्डर चालूच होता. मी मराठीत विचारलं, "आजोबा पलटणीत होते का रे?"

त्या एका 'रे'वर तो विरघळला.

"मराठा पलटण, काका. इटलीत लढले. तुम्हाला कसं कळलं?"

"थ्री-नॉट-थ्रीसाठी कुणी उगाच चार वर्षं घालवत नाही. सरळ विकत का नाही घेतलीस?"

"विकत घ्यायची तर नेमबाजीच्या क्लबात नाव घाला, परवाना काढा, वर्षभर थांबा. नाहीतर वेल्डिंग करून मुकी केलेली घ्या. आणि विकतची बंदूक कुणाचीही असते हो. ही मी जोडली. एकेक स्क्रू बसवताना वाटायचं, आजोबांचा हात इथून फिरला असेल."

"अरे, पण घरात लहान पोरगी आहे ना? भीती नाही वाटत?"

त्याला राग आला. चांगल्या बापाला येतो तसा. "काका, मी काय बेजबाबदार वाटलो तुम्हाला? आजोबा सांगायचे, बोल्ट कधी रायफलजवळ ठेवायचा नाही. मी पहिल्या दिवसापासून तो वेगळा ठेवतो. देवघराच्या खणात, कुलूप लावून. किल्ली माझ्याकडे."

 त्याच्या वकिलाने विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी शब्दशः भाषांतर करून सांगितलं. आणि मग इंग्रजीत पुढचा प्रश्न टाकला: "निकामी वस्तूला कुलूप कशाला?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मघाशी कोण म्हणून विचारत होतात?"

मी अहवालात लिहिलं: संशयिताने उत्तर दिले नाही.

त्याच्याकडची किल्ली घेऊन बोल्ट आणायला मीच गेलो. त्याच्या बायकोने खण उघडून दिला. वाती, कापूर, आणि लाल फडक्यात तेल लावलेला बोल्ट. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नमस्कार केलात ना, तेव्हा मी यांना म्हटलं, आपला माणूस आहे, नीट होईल सगळं." मुलगी दारात उभी होती. तिने आईला डचमध्ये विचारलं, "हे आजोबा जेवायला थांबणार आहेत का?"

तज्ज्ञाने बोल्ट बसवला. रायफल चालत होती. शोभेची वस्तू बाळगणं एक, चालतं हत्यार तयार करणं वेगळं. निकाल लागला, शिक्षा म्हणून समाजसेवेचे तास आणि स्थगित कैद. कागदावर हलकी शिक्षा. नोकरी गेली, अर्ज गेला, परवाना गेला. त्या घराने एकही गोळी झाडली नव्हती. गोळी घरात नव्हतीच.

त्याच महिन्यात एक डच म्हातारा घोंगडीत गुंडाळलेली रायफल सायकलला बांधून ठाण्यात आला होता. वडिलांची, युद्धातली, पूर्ण आणि चालती. आम्ही त्याला कॉफी दिली, आभार मानले. स्वतःहून आणून देणाऱ्यावर कारवाई नाही, असं नगरपालिकेच्या फुकट साप्ताहिकात डचमध्ये छापून आलं होतं. आमचा इंजिनिअर इंग्रजीत नोकरी करत होता आणि मराठीत पूजा. ते साप्ताहिक त्याने न वाचताच रद्दीच्या पिशवीत टाकलं असणार. कायदा दोघांना एकच होता, असं आम्ही म्हणतो. ज्याच्यापर्यंत पोचला त्याला तो सवलत होता, ज्याच्यापर्यंत पोचला नाही त्याला फास. याला समानता म्हणणाऱ्यांत तीस वर्षं मीही होतो. पूर्ण बंदूक घेणारा आधी पोलिसांच्या दारात येतो, जोडणाऱ्याच्या दारात शेवटी पोलीस जातात, एवढंच खरं.

ते कुटुंब वसंतात परत गेलं. मुलीला तिकडे तिसरीत घातलं, असं ऐकलं. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही.

दलाने मला शाबासकीचं पत्र दिलं. त्यात 'भाषिक कौशल्याचा प्रभावी वापर' असे शब्द होते. लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं. नवीन पोरांना मी नेहमी सांगायचो की संशयिताला घरच्यासारखं वाटू द्या, तो बोलेल. ते खरं आहे. तो बोलतो. या प्रकरणानंतर मी ते कुणालाही सांगितलं नाही.

गप्प राहण्याचा हक्क त्याला होता. चौकशीच्या सुरुवातीला, नियमाप्रमाणे, मी तो त्याला इंग्रजीत वाचून दाखवला होता. मराठीत बोलायला लागताना पुन्हा सांगितला असता तर तो गप्प बसला असता. म्हणूनच मी सांगितला नाही.