छापेल आणि फाटेल

म्हसावदपासून दोन कोसांवरच्या त्या गावात सुंदरबाई गल्लीत शिरली की माणसं आधी आपापली टोपी सारखी करत. बाई अंगानं काठीसारखी, पण जीभ अशी की दारातला कुत्रासुद्धा तिच्यावर भुंकण्याआधी विचार करी. नवरा दोधू हा त्या घरातला सगळ्यात कमी बोलणारा प्राणी. बैल निदान दिवसातून दोनदा हंबरत. संसार टिकला तो यामुळेच, असं गल्लीचं मत. दोधूचं मत कोणी कधी ऐकलं नाही.

अक्षराशी सुंदरबाईची ओळख नव्हती आणि पुढे सत्तरी गाठली तरी झाली नाही. पण कोणी काही सांगितलं की ती विचारी, "तुले कोनी सांगं?" नाव मिळालं की त्याच्या घरी जाई, तिथून पुढच्या घरी. गावातली तीन भुतं तिनं अशीच चालत जाऊन संपवली. त्यातलं एक तर पाटलांचा धाकटा भाऊ निघाला, पण ते जाऊ द्या.

सन छत्तीसचा चैत्र होता. त्या साली तिच्या शेतात दादर झाली होती. दादर म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी, जिच्या भाकरीला खानदेशी माणूस दुसरी तोड मानत नाही. वाड्यामागचं जमिनीतलं पेव काठोकाठ भरून सुंदरबाईनं तोंड मातीनं लिंपून टाकलं. त्याआधी दोन पोती सुरतच्या व्यापाऱ्याला पाठवली. गावात आजवर सुरतला कोणी माल पाठवला नव्हता, त्यामुळे अर्ध्या गावाच्या पोटात दुखतच होतं. फक्त औषधापुरतं कारण हवं होतं.

ते मगननं आणलं. मगन चार महिने सुरतच्या एका गिरणीत होता आणि तिथून गुजराती शिकून आलो म्हणे. खरं सांगायचं तर त्यानं येताना अक्षरं तेवढी आणली, भाषा तिकडेच राहिली. पण ज्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही ती घडाघडा वाचणारा माणूस म्हणजे केवढा विद्वान! चावडीच्या ओट्यावर बसून तो मिळेल तो चिटोरा मोठ्यानं वाची आणि लोक माना डोलावत. समजत कोणालाच नसे. त्यालाही.

एका सकाळी म्हसावदच्या सत्तारच्या दुकानातून आणलेल्या खारकांची पुडी त्यानं सोडली, खारका मांडीवर ओतल्या, कागद सरळ केला आणि एकदम उभा राहिला. खारका ओट्याखाली गेल्या.

"सुरतमां दादरथी छनां मोत!"

"म्हंजे काय?" वीरसिंग पाटलांनी विचारलं.

"म्हंजे सुरतमा दादर खाईसन सहा मानसं मरी गयात!"

त्यातलं 'खाईसन' मगननं पदरचं घातलं होतं. कागदात ते नव्हतं. पण गावाला तोच घास जास्त गोड लागला. दुपारपर्यंत सहाचे सोळा झाले. दिवस कलता कलता मेलेल्यांच्या तोंडाला फेस आला. तो मगनच्या सासूनं आणला. आणि सुरतला दादर गेली कोणाची? गावातून एकाच घरची.

पाटलांना वेगळीच धास्ती. फौजदार येईल, पंचनामा होईल, चार दिवस त्याच्या घोड्याला हरभरा घालावा लागेल. तेव्हा पुरावाच नको. सुंदरबाईचं पेव उपसून दादर नदीत टाकायची असं ठरलं. चैत्रात नदीत पाणी कुठलं? टाकलेलं धान्य गावाच्याच म्हशींनी खाल्लं असतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, की आलं, देव जाणे.

पाटील, मगन आणि मागे बघे असे सगळे तिच्या दारात आले.

"सुंदरबाई, गावना मान राख. पेव उघाड."

"कोनी सांगं?"

"पेपरनी सांगं," मगननं कागद उंच धरला. "छापेल शे!"

तिनं कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. वाचता येत नव्हतं, पण शिवण उसवलेली कुठं आणि फाडलेली कुठं हे तिला कळत होतं. "छापेल शे, पन फाटेल बी शे. खालना तुकडा कोठे शे?"

"त्यामा काय ऱ्हाई? मरनात ते मरनात."

"कसाथीन मरनात ते खाले ऱ्हाई ना! काठ दखाडीसन माले लुगडं ईकू नको, मगन."

मागे कोणीतरी हसलं. पाटलांना ते आवडलं नाही. "सोमवारनी सकायले पेव उघडी. बस."

"या. फावडा बी लई या. मी पेववर बठेल ऱ्हासू."

लोक गेल्यावर आतून दोधूचा आवाज आला. त्या वर्षातला तो पहिलाच असावा. "दोन पोता दी टाक ना वं. मिटी जाई."

"दोन पोता दिना म्हंजे सहा खून कबूल कयात! दादर परत पिकी, दोधूभाऊ. नाव कोठे पेरशी?"

नवऱ्याला 'भाऊ' म्हणाली म्हणजे पारा कुठं होता ते समजा. दोधूला समजलं. तो पुन्हा बैलांत जाऊन बसला.

शनिवारी ती ऊन चढायच्या आत म्हसावदला सत्तारच्या दुकानात उभी राहिली. त्याची बायको खातून सुरतेकडची, माहेरी गुजराती शाळेत चार इयत्ता शिकलेली.

"मगनले ज्या पेपरमा खारका दिन्यात, त्याना बाकीना तुकडा पाहिजे."

सत्तार हसला. "भाभी, रद्दी का भी कोई खानदान होता है क्या?"

सुंदरबाईनं सगळी हकिकत सांगितली. 'दादर खाईसन' ऐकताच खातूननं तोंडाला ओढणी लावली. "या अल्ला! बहन, हमारे सुरत में दादर खाते नहीं, दादर पे चढते हैं! दादर बोले तो जिना!"

कोणीही दुसरी असती तर इथूनच नाचत घरी गेली असती. सुंदरबाई हसली नाही. "सहा जन जिनावरतीन पडनात? आरे राम." मग जरा थांबून म्हणाली, "पन तू सांगस ते बी मी कशी मानू? मन्हा फायदानं शे म्हनीसन? तुकडा दखाड."

खातूननं ओढणी खोचली. मग दोघींनी दुकानातली सगळी रद्दी उपसली. सत्तार कपाळाला हात लावून बसला. गिऱ्हाइकं हळद मागत होती आणि हळदीच्या पुड्या या सोडून बघत होत्या. शेवटी जिऱ्याच्या डब्याच्या बुडाशी अंथरलेला तो तुकडा निघाला.

सोमवारी पाटील फावडी घेऊन आले तेव्हा पेवाच्या तोंडावर सुंदरबाई मांडी घालून बसली होती, शेजारी खातून. सुंदरबाईनं मगनकडून वरचा तुकडा मागितला आणि दगडावर दोन्ही कागद जुळवले. फाटलेल्या कडा एकमेकीत बरोबर बसल्या.

"ही वाची," ती खातूनकडे बोट दाखवून म्हणाली.

"ती तुन्हाकडथीन वाची!" मगन ओरडला.

"मंग तूच वाच. अक्षरं येतस ना तुले? मोठाथीन वाच, सासूले ऐकू गयं पाहिजे."

आता माघार घेतली तर विद्वत्ता जाते. मगननं घसा साफ केला. "जूनी चालीनो... लाकडानो दादर... तूटी पडतां..." इथपर्यंत आवाज चांगला होता. "पगथियां... सडी..." आणि आवाज बसला. चार महिने सुरतच्या चाळीत तो तीच पगथियां चढला होता, उतरला होता. हा शब्द त्याच्या पायांना माहीत होता.

"काय व्हयनं?" पाटील म्हणाले. "पगथियां म्हंजे काय?"

मगन म्हणाला, "पायऱ्या." पण इतक्या हळू की खातूनला मोठ्यानं सांगावं लागलं.

गर्दीतून वाहरू नावाचा थट्टेखोर गडी म्हणाला, "सुरतमा लाकडानी ज्वारी पिकस का मगनभाऊ?" आणि जो हशा उठला त्यात पाटीलही मिशीआड सामील झाले. "चला, घर जा सगळा. गैरसमज व्हयना."

"कोठे जातस?" सुंदरबाई पेवावरून हलली नव्हती. "ज्या ज्या घरमा मन्ही दादरनी मानसं मारात, त्या त्या घर मगन जाई आनी दोन्ही तुकडा वाची. आज."

"आते जाऊ दे ना, बाई."

"फावडा लई उनात तवय जाऊ दिनं का पाटील?"

पाटलांनी मगनकडे पाहिलं आणि 'जा' अशी मान हलवली. मगननं घर न् घर घेतलं. दोन्ही तुकडे छातीशी धरून तो वाचत गेला आणि मागे पोरांपेक्षा म्हाताऱ्यांचीच गर्दी जास्त. सासूनं मात्र फेस मागे घेतला नाही. मरेपर्यंत घेतला नाही. काही माणसांना अख्खा कागद दाखवूनही उपयोग नसतो.

तोवर सुंदरबाईनं स्वतःच पेव फोडून तीन पोती भरली. गाडी जुंपायला लावली. सुरतलाच पाठवायची होती, आणि गावाच्या डोळ्यांदेखत. मगन घामाघूम होऊन परतला तसा त्याच्या हातात कोळसा दिला.

"पोतावर मन्हं नाव लिख. मोठं लिख. आनी आत काय शे ते बी लिख."

मगननं बिनरेघेच्या अक्षरांत 'सुंदरबाई, दादर' असं लिहिलं. तिनं पोतं खातूनपुढं ओढलं.

खातूननं वाचलं आणि पोट धरून खाली बसली. "बहन, सुरतवाले बोरी खोल के जिना ढूंढेंगे!"

"पुसी टाक रे मगन," सुंदरबाई म्हणाली. "जुवार लिख."