अकरावर माझा भरवसा नव्हता

नेकनूरच्या माझ्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. डावीकडच्यावर जुनी सिस्टीम आहे, तिला सगळे दहा म्हणतात. उजवीकडचा नवा, त्याच्यावर अकरा. पूर्वी मी पाट्या रंगवायचो म्हणून गाव मला अजून पेंटर म्हणतं, पण ब्रश सुटून जमाना झाला. लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं हे माझं काम, आणि ते दहावर बिनबोभाट चाललं होतं.

मग दहाच्याच स्क्रीनवर सूचना यायला लागली, की यापुढं अपडेट मिळणार नाहीत, नव्यावर या. मला पहिला संशय तिथंच आला. चांगली चालू असलेली गोष्ट बंद करायची आणि वर तुमच्याच भल्यासाठी म्हणून सांगायचं, हे मी आयुष्यात बऱ्याच जणांकडून ऐकलेलं आहे. बीडच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचा जुना डबा अकरा उचलत न्हाई, पेंटर. नवाच घ्यावा लागंल." घेतला. पण जुना हलवला नाही.

दहात स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात असायचं, माझा हात न बघता तिकडं जायचा. अकरात ते मध्यभागी येऊन बसलेलं. दुरुस्तीवाल्यानं ते कोपऱ्यात सरकवून दिलं, हे मान्य. पण खालची पट्टी मी दहात वरच्या बाजूला नेलेली होती, ती अकरा काही केल्या हलू देईना. माउसचं उजवं बटण दाबलं की दहात सगळी यादी समोर यायची. अकरात अर्धीच येते आणि बाकीची 'आणखी पर्याय' म्हणून मागं ठेवलेली. लपवण्यासारखं काय आहे त्यात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे स्टार्ट दाबलं की हल्ली उघडलेल्या फायली आपणहून मांडून दाखवायची त्याची खोड. पत्रिका करणाऱ्याच्या दुकानात हे चालतं का? सोयरीक जुळून चार दिवस झालेले नसतात, भावकीत अजून सांगितलेलं नसतं, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नवरा-नवरीची नावं आयती वाचायला मिळतात. ते मी सेटिंगमध्ये जाऊन बंद करून घेतलं. पण ज्यानं न विचारता दाखवलं, तो न विचारता आणखी काय करत असेल, हे डोक्यातून जाईना. सुरुवातीला त्यानं ईमेल मागितला, मग पिन. माझ्या दुकानात मलाच विचारतो, तू कोण.

"फायली आपोआप वर जात्यात," दुरुस्तीवाला कौतुकानं म्हणाला.

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे नेटवर. तुमाला काय करायचंय? हरवत न्हाईत म्हणजे झालं."

खरं सांगायचं तर अकरा चपळ आहे. उदबत्ती लावून वळेपर्यंत चालू झालेला असतो. दहाला तेवढ्यात चहा पिऊन होतो. पण मी ठरवलं, याच्यावर विसंबायचं नाही. प्रिंटर दहालाच जोडलेला ठेवला. अकरावर काही केलं तर संध्याकाळी पेनड्राइव्हनं दहावर आणायचं आणि छापायचं तिथूनच. बायको म्हणाली, दुप्पट काम कावून करता? मी म्हणालो, तुला नाही कळायचं.

आता माझी कामाची पद्धत. आमच्याकडं कोणीच पत्रिका कोरी सुरू करत नाही. घरातल्या आधीच्या लग्नाची फाईल उघडायची, नवरा-नवरी आणि तारीख बदलायची, बाकी कुलदैवतापासून मामाच्या नावापर्यंत सगळं तयारच असतं. मग घरच्यांनी येऊन वाचायचं आणि मधल्या काळात काय बदललं ते सांगायचं. कोण सरपंच झालं, कोण वारलं.

गेल्या हिवाळ्यात मेंढरं राखणाऱ्या एका घरची पत्रिका आली. धाकट्या मुलीचं लग्न, नवरदेव आष्टीकडचा. मुलीचा बाप माझ्या चांगल्या ओळखीचा, वर्षभरापूर्वी गेला. थोरलीच्या वेळची फाईल दहावर होती, तीत मी नवरा-नवरी बदलून ठेवली आणि अकरावरही टाकली. दोन दिवसांनी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांचा दीर आले. उन्हातून आले होते, दहा चालू व्हायला वेळ लागला असता, म्हणून अकरावर उघडली. वहिनींना वाचता येत नाही. दिरानं एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि त्याच्यासमोर मी बापाच्या नावाआधीचं 'श्री' काढून 'कै.' केलं, आईच्या नावाआधीचं 'सौ.' काढून 'गं.भा.' केलं, नवरा गेलेल्या बाईला लावतात ते. वहिनी भिंतीकडं बघत होत्या.

संध्याकाळी पेनड्राइव्ह दहाला लावला. दहानं विचारलं, याच नावाची फाईल इथं आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मला चटकन वाटलं, अकराची फाईल माझ्या चांगल्या फायलीवर चढवायची? मी नको म्हणालो. डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त त्याच्याबद्दलचा राग. दुसऱ्या दिवशी दहावरची पत्रिका छापली. वहिनी एकट्याच येऊन गठ्ठा घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी दीर पत्रिका हातात घेऊन दुकानात. एक देवापुढं ठेवली होती, एक आष्टीला पोचली होती, आणि तिथून फोन आला होता, की मुलीचे वडील वारले म्हणाला होता ना तुम्ही? छापलेलं होतं 'श्री' आणि 'सौ.'

मी एका क्षणात म्हणालो, "नवी सिस्टीम हाय भाऊ. तिनंच काहीतरी उलटं केलं असंल." मला ते खरंच वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं.

तो मान हलवत राहिला. "मशीन नेमके दोनच शब्द कसे उलटे करंल? माझ्यासमोर तुमी बदलले. मग वहिनी एकटी आल्ती. तवा काय म्हणली, खरं सांगा."

"काही न्हाई बा."

"तिनंच सांगितलं असंल. पत्रिकेत तरी सौ. राहू द्या म्हणून. आता सगळ्या पाव्हण्यांत तोंड कुठं दाखवावं आमी?"

मी पुन्हा सिस्टीमचं नाव घेतलं. तो गेला, पण त्याच्या तोंडावरून कळत होतं की घरी जाऊन तो काय बोलणार आहे.

मग मी दोन्ही फायली उघडल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. इतके दिवस दोघांची तुलना करत होतो, पण अशी कधी केली नव्हती. अकरावर सगळं जसंच्या तसं होतं, 'कै.', 'गं.भा.', फाईल बदलल्याच्या वेळेसकट. दहावर जुनं. ज्याच्यावर मी चोवीस तास पाळत ठेवली, त्यानं एक अक्षर हलवलं नव्हतं. हलवायचं ते मी हलवू दिलं नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली.

शटर ओढलं आणि त्यांच्या वस्तीवर गेलो. वहिनी ओट्यावर बसलेल्या, डोळे सुजलेले. दीर कुडाला टेकून उभा. त्याच्याकडं बघून मी सगळं सांगितलं, पेनड्राइव्हसकट. "वहिनी काही बोलल्या न्हाईत. त्या गठ्ठा घेऊन गेल्या फक्त. हे माझ्या हातानं झालं."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलं?" दीर म्हणाला. वहिनींकडं बघून त्यानं मान खाली घातली, पण चुकलं असं काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या, बरोबर नवरी मुलगी. मी अकराच उघडला, प्रिंटर आता त्यालाच जोडला होता. म्हणालो, बरोबरची फाईल ही, लगेच छापतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मालकाचं कै. राहू द्या. माझ्या नावाआधी काहीच नको. सौ. नको, ते दुसरंबी नको. निस्तं नाव."

"भाऊजी काय म्हणतील?"

"त्यांना म्हणायचं ते म्हणून झालंय."

मी 'गं.भा.' खोडलं. नाव ओळीत एकटं राहिलं, आधीची जागाही मी मिटवली. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. "ह्यातलं माझं कोन्तं?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"त्याच्या आधी काय हाय?"

"काही न्हाई, वहिनी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मागं वळून मुलीला म्हणाल्या, "तू वाच."