मॅकवरचा राजूर घाट

बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं त्याला चौथा महिना लागला होता, तेव्हा मी घाट बांधायला घेतला.

बोलणं बंद म्हणजे आमच्या पद्धतीने बंद. बाबा समोरच्या खोलीत पलंगावर, मी त्याच खोलीत खुर्चीवर, मध्ये आई मेथी निवडत बसलेली. "तिले सांग, पंखा कमी कर." मी उठून पंखा कमी करायची. आईला तोंडसुद्धा उघडावं लागायचं नाही. मग मी म्हणायची, "आई, त्यांना सांग, डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली." बाबा मान वर करून डोळा उघडा धरायचे. थेंब टाकायचे मीच, पण बोलायचं नाही. खाण तशी माती, दुसरं काय.

चूक माझीच होती. बाबांनी सबंध नोकरी लाल बस चालवली, त्यातली बरीचशी मलकापूर-चिखली मार्गावर. निवृत्तीनंतर एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिला बसइतक्याच मानाने वागवलं. मग काचबिंदू निघाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की समोरचं दिसतंय ते शाबूत आहे, बाजूचं जवळपास गेलेलं आहे आणि ते परत येणार नाही, तेव्हा गाडी चालवणं बंद. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, दवाखान्यातून खाली आले आणि सरळ स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. समोरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या डेपोतले तीन-चार जुने सोबती बसलेले. मी खिडकीतून हात घालून किल्ली ओढून घेतली, वर मोठ्याने म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही, बाबा! कोणाला तरी माराल!"

हळू म्हणता आलं असतं. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. आयुष्यात एकही अपघात न केलेल्या माणसाला त्याच्या माणसांसमोर मी हे ऐकवलं. बाबा उतरले, स्टँडवर गेले आणि बसने धामणगाव बढ्याला घरी आले. त्यांच्या मागून मी ती गाडी घेऊन घाट उतरले, एकटी, रडत आणि पहिल्या गिअरमध्ये.

दुसरी किल्ली त्यांच्याचकडे होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे मी त्यांना थांबवलं नव्हतंच, नुसता अपमान केला होता. त्यांनी ती किल्ली वापरली नाही, पण अमडापूरला आईच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जाहीर केलं, "तिले सांग, लग्नाले गाडी मी नेईन. घाटानं. साऱ्यायले घेऊन." सारे म्हणजे आई, मावशी, मावशीच्या दोन नाती आणि मी. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्नाला महिना होता. आई माझ्याकडे पाहायची आणि मी भिंतीकडे.

माफी मागायची मला सवय नाही. मी पुण्याच्या एका प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, घरी बसून, मॅकवर. आणि ड्रायव्हरची पोरगी असल्याने मला एक व्यसन आहे, गाड्या चालवायच्या सिम्युलेटरचं. टेबलाला जुनं खेळातलं स्टिअरिंग घट्ट बसवलेलं, खाली तीन पेडल, उजवीकडे गिअरचा दांडा. त्या सिम्युलेटरमध्ये लोक आपापल्या गावचे रस्ते बनवून टाकतात. मनात आलं, बाबांना राजूर घाट देऊ. तिथे ते कोणाला मारणार नाहीत आणि मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही.

आता अडचण अशी की रस्ता बनवायचं टूल फक्त विंडोजवर चालणारं. कोण्या हौशी माणसाने कधीकाळी बनवलेलं, आणि जगात मॅक नावाची वस्तू आहे हे त्याने मनावरच घेतलेलं नव्हतं. यावर उपाय म्हणून एक मधला प्रोग्रॅम असतो. टूल विंडोजच्या भाषेत काही मागतं, तो ते मॅकला मॅकच्या भाषेत सांगतो आणि उत्तर माघारी आणून देतो. म्हणजे आमची आई. फक्त आई कधी मध्येच बंद पडत नव्हती.

हा प्रोग्रॅम बंद पडायचा. प्रत्येक टूलसाठी मॅकच्या आत एक वेगळी जागा करावी लागते, तिला बाटली म्हणतात. तिच्यात खोटी सी ड्राइव्ह, खोटे फोल्डर, सगळा देखावा, म्हणजे टूलला वाटावं आपण आपल्याच घरी आहोत. माझ्या टूलला काहीही केलं तरी घरचं वाटेना. एकदा अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले, एकदा रस्ता दिसला पण जमीन नाही. मग कळलं की त्याला एक जुनी फाइल लागते, ती आता कोणी ठेवत नाही. एका दुपारी मी सहकाऱ्याला फोनवर ओरडून सांगत होते, "तिसरी बाटली फुटली, आता चौथी काढते!" समोरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "इचार तिले, दुपारचीच काऊन?" आई पदर तोंडाला लावून आत आली.

चौथ्या बाटलीत टूल चाललं. उपग्रहाच्या नकाशावरून वळणं घेतली, उंची घेतली, मोताळ्याकडून वर बुलढाण्यापर्यंत रस्ता अंथरला. कोणीतरी बनवलेली एक बस शोधली, तिला लाल रंग दिला. मग आईला म्हणाले, "त्यांना सांग, बघायला या."

बाबा आले. खुर्चीत बसले, पेडलवर पाय ठेवून पाहिले, आरसा नाही म्हणून आईकडे तक्रार केली. तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी मी आधी लक्षातच घेतली नव्हती. त्यांना जेवढं दिसत होतं ते सगळं त्या पडद्यात मावत होतं. टेबलाच्या कडा, माझी कोपऱ्यातली खुर्ची, दारातली आई यातलं काही त्यांच्यापर्यंत येत नव्हतं, पण रस्ता येत होता. त्यांचे खांदे खाली आले.

इंजिन चालू झालं. पायथ्याशी बस उभी आणि बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून स्तब्ध. मिनिट गेलं. दोन गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा अडकलं. मी की-बोर्डवर वाकून बटणं दाबायला लागले. बाबा हलेनात. आई स्वयंपाकघरातून पेला आणि चमचा घेऊन आली आणि पेल्यावर दोनदा वाजवलं, टण टण. क्षणात क्लच, पहिला गिअर, बस निघाली.

"अवं, बेल दिल्याबिगर गाडी कशी हालीन?" आई मला म्हणाली. जणू हे टूल बनवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

घाट संपेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "तिले सांग, हा राजूरचा घाट नोहे."

माझा पारा चढला. दोन आठवडे घालवले होते. "त्यांना सांग, नकाशावरून मोजून घेतलाय!"

"तिले सांग, नकाशा पेट्रोलवर चालते काय? दुसऱ्या वळणानंतर चढ लागते. तिथं मशीन रडलं पाह्यजे. रडूनच नाही राह्यलं."

मी पाहिलं, तर खरंच. उपग्रहाच्या उंचीने घाटाला इस्त्री केली होती. त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. बाबांना उताराचे आकडे माहीत नव्हते, त्यांना घाट गिअरमध्ये पाठ होता. इथे तिसरा, इथे दुसरा, इथे दुसऱ्यातही रडते, इथे वरून येणाऱ्याला जागा द्यायची. ते आईला सांगायचे, आई मला, आणि मी टूलमध्ये रस्त्याचा एकेक बिंदू वर-खाली करायची. बदल केला की जपून ठेवायचा, सिम्युलेटरमध्ये आणायचा, पेला वाजवायचा, बाबा चढायचे. दर तिसऱ्या वेळी टूल बंद पडायचं आणि मी शिव्या द्यायची. "तिले सांग, गाडीले शिव्या देऊ नाही," बाबा म्हणायचे, "लागतात." स्टिअरिंग खऱ्या गाडीसारखं हाताला जोर द्यायचं नाही, मॅकवर तेवढं शेवटपर्यंत जमलं नाही. "लोणी हाय हे," असं म्हणत त्यांनी तेही चालवून घेतलं. त्या दुपारी फार चांगल्या होत्या. मला वाटायचं, लग्न जरा लांबावं.

मग एक दिवस ते म्हणाले, "तिले सांग, घाट मेलेला हाय. दुधवाला कुठी हाय? मेंढरं कुठी हायेत?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रस्ता रिकामा मी मुद्दाम ठेवला होता. समोरून ट्रक आला असता तर त्यांना दिसला असता, बाजूने आलेलं काही दिसलं नसतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीन दिवस मी टूलवर ढकललं. जमत नाही, बंद पडतं, मॅकवर होत नाही. आईने निरोप पोचवले आणि मग भाजी चिरताना हळूच म्हणाली, "बाई, तू त्यायले लबाड बोलून राह्यली."

चौथ्या दिवशी मी दुधवाला केला. मोटरसायकल आयती मिळाली, दुधाचे कॅन मी बनवले. डावीकडच्या कच्च्या वाटेने तो यायचा आणि वळणाच्या जरा आधी रस्त्याला लागायचा. घाटात तो रोज येतो तसाच.

आईने बेल दिली. बाबा निघाले. पहिलं वळण सुंदर घेतलं, दुसऱ्यावर मशीन रडलं आणि ते हसले. पडद्याच्या डाव्या कडेला दुधवाला निघाला. मला दिसत होता. आईलाही दिसत होता, तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. तो वाट उतरत राहिला, बाबा सरळ पाहत राहिले. मग एकदम तो बससमोर होता आणि मग नव्हता.

बाबांनी ब्रेक मारला, गाडी बंद केली आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. अपघात झाला की ड्रायव्हरने आधी उतरून पाहायचं असतं. उतरून जायला कुठेच नव्हतं. ते तसेच उभे राहिले, मग मान पूर्ण वळवून मला शोधलं.

"बाई, तो कुठून आला?"

चार महिन्यांनी. आणि मला एवढं म्हणून सुटता आलं असतं की टूलची चूक आहे, बाबा. त्यांनी विश्वास ठेवला असता. ते टूल किती वेळा बिघडतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"डावीकडून," मी म्हणाले. "कच्च्या वाटेनं. बराच वेळ येत होता."

"दाखव."

सिम्युलेटरमध्ये झालेली फेरी मागे नेऊन बाहेरून पाहता येते. मी दाखवली. बाबा पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि मान इकडून तिकडे नेत नेत, तुकड्या-तुकड्याने पाहिलं. दुधवाला उतरतोय, बस चढतेय. पुन्हा दाखव म्हणाले. पुन्हा दाखवली.

"तुले दिसला होता?"

"हो, बाबा."

"तुह्या मायले?"

"दिसला होता," आई म्हणाली.

ते पलंगावर जाऊन बसले. मग म्हणाले, "कॅनीत दूध होतं काय वं?" मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी टपरीसमोर ओरडले त्याची माफी मागितली, तोंडाने, सगळी. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

लग्नाच्या सकाळी मावशी आणि तिच्या नाती मागे बसल्या, त्यांच्याशेजारी आई. बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, गाडीला समोरून वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि पुढे बसले. मी गाडी सुरू केली.

मोताळा मागे पडलं. घाट लागला. दुसऱ्या वळणावर मी तिसऱ्यातच राहिले, इंजिन गचके द्यायला लागलं. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. पुढच्या वळणावर वरून येणाऱ्या ट्रकला जागा द्यायला उशीर केला. बाबा गप्प. दुधवाल्याला मी गरजेपेक्षा जास्त थांबून जाऊ दिलं, मागचा ट्रॅक्टर बोंबलला. बाबा गप्पच. मला वाटलं, झालं, पुन्हा रुसले. निदान एक शिवी तरी हासडावी, निदान "तिले सांग" तरी म्हणावं. वर बुलढाण्याला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. चहासाठी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मी फुटलेच.

"बाबा, काहीतरी बोला ना! अख्खा घाट चुकत आले मी. एक शब्द नाही?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, नीट, अख्खी मान वळवून. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"चालू गाडीत डायव्हरशी बोलू नाही, बाई," ते म्हणाले. "आमच्या गाडीत लिहेलच राहे."