हात लावून बघ

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला कपडे आहेत. मिक्सरला झालरीचं कव्हर, टीव्हीला जुन्या साडीचा पडदा, शिलाई मशीनला पिशवी, रिमोटला प्लॅस्टिक. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्ल्या, कपाटाच्या कड्या खाल्ल्या, चांगली इस्त्री खाल्ली, म्हणून आई दिसेल ते झाकून ठेवते. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा ती माप घ्यायला टेप घेऊनच बसली होती. मी बजावलं, हा डबा झाकायचा नाही, याला आतून वारा खेळायला लागतो, कव्हर-बिव्हर घातलंस तर मी आहे आणि तू आहेस. माझं तोंड हे असं आहे. आईने मुकाट्याने टेप गुंडाळली.

कॉम्प्युटर कामासाठी घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी घरी बसून पुस्तकांचं टायपिंग आणि मांडणी करते, आणि जुना अगदी टेकीला आला होता, तेव्हा ते खोटंही नाही. पण खरं कारण माझा धाकटा भाऊ. तो मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला की मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि मिरकरवाडा बंदरात परत आला की मेकॅनिकला ऐकवायचा. मोबाइल भरला की ते तुकडे मला पाठवून मोकळा. ठेव गो तुझ्याकडे, पुढे कामाला येतील, म्हणायचा. मी कुरकुर करत ठेवायची. मागच्या हंगामाच्या सुरुवातीलाच तो लाँचवरून पाण्यात पडला, आणि जिवंत परत आला नाही.

आता त्याचा आवाज म्हणून तेवढंच उरलं आहे. इंजिनाची धडधड, आणि तिच्या खाली कुठेतरी तो काहीतरी बोलतोय. काय बोलतोय ते कळत नाही. एरवी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे आई जेवली का आणि बांगडे पाठवू का. ते कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवणार? मी ते तुकडे कानाला लावून लावून ऐकले आणि दर वेळी जास्तच चिडले, त्याच्यावर, इंजिनावर, स्वतःच्या कानांवर.

गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारा एक प्रोग्रॅम असतो. जुन्या कॉम्प्युटरवर तो मध्येच मान टाकायचा. नव्यावर चालेल, दुकानदार म्हणाला, पण प्रोसेसरला बराच वेळ जोर लावून राबावं लागेल. फार तापला तर मशीन स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं, आणि मग केलेलं सगळं पाण्यात. म्हणून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय करून दिली, आणि एक टेस्ट दाखवली. ती लावली की प्रोसेसर काही काम नसताना जीव तोडून राबतो. आकडा नव्वदच्या वर गेला तर मला फोन करा ताई, म्हणाला.

टेस्ट लावली. पंखा घोंघावायला लागला, आकडा सत्तरच्या आसपास चढला आणि तिथेच टिकला. मग मी सगळ्यात छोटा तुकडा प्रोग्रॅमला दिला. तो झाला, आणि स्पीकरमधून भाऊ बोलला. पडवीत उभा राहून बोलावा तितका स्वच्छ. बरोबरच्या खलाशाला सांगत होता:

“तापलाय तो. हात लावून बघ. लागला गरम?”

एवढंच. मागे वळले तर आई दारात उभी, हातात तांदूळ पाखडायचं सूप. मी डोळे पुसले आणि पुढचा, मोठा तुकडा लावला.

त्यानंतर ते सुरू झालं. दुपारी मी काम लावून भाकऱ्या करायला आत जायची, आणि परत येऊन बघावं तर मशीन बंद, डबा हाताला चटका बसेल इतका तापलेला. पुन्हा सुरू करून समोर बसावं, तर आकडा शहाण्यासारखा सत्तरवर. उठले की पुन्हा तेच. लहानपणी भाऊ असाच करायचा. मी शाळेत गेले की याला ताप, मी आले की हुंदडायला तयार. हे मनात आलं आणि अंगावर काटा आला. त्या खोलीत एकटीने जायचं मला नको वाटायला लागलं. भरदुपारी, स्वतःच्या घरात! आत गेले की वाटायचं, आत्ताच इथून कोणीतरी उठून गेलंय.

दुकानदाराला बोलावलं. त्याने डबा उघडला, प्रोसेसरवरची उष्णता खेचून घेणारी पेस्ट पुसून नवी लावली, टेस्ट घेतली. काही दोष नाही. ताई, तो तुमच्यावर रुसतोय, असं वर म्हणाला. दुसरी वेळ असती तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता. त्या दिवशी नुसती मान हलवली.

एका दुपारी काम लावून मी मासळी आणायला निघाले आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, पिशवी राहिली. परत आले तर खिडकीतून आई दिसली. कॉम्प्युटरशेजारी खाली बसली होती. भावाची चादर, तो लाँचवर न्यायचा ती, तिने डब्यावर घातली होती आणि कडा चारी बाजूंनी आत खोचत होती. शिवाय मागच्या जाळीवरही चादरीचं टोक नीट ओढून घेतलं. कोपऱ्यातला आकडा नव्वदकडे चालला होता.

मी ओरडतच आत शिरले. तुला सांगितलं होतं ना, कसला खारा वारा नि कसलं काय, त्याचा आवाज त्यात आहे, तो घालवशील तू. चादर खेचून काढली. आई उठली नाही. चादरीचा एक कोपरा तिने हातात धरून ठेवला होता.

“त्याला आणलानी तेव्हा पायाला तेवढा हात लावू दिलानी मला,” ती म्हणाली. “गार व्हता गो. पांघरूण पन घालू दिला नाय. आनि ह्यो बोलला, हात लाव म्हनून. मी लावला. गरम लागला.”

मग हळूच म्हणाली, “पन मी पांघरला की गप व्हतो. मग मी घाबरून काढून घेत्ये.”

इतके दिवस ज्याची मला भीती वाटत होती ती माझी आई होती. मी तिच्याशेजारी खाली बसले. तिला म्हटलं, आई, पांघरलं की त्याला श्वास घेता येत नाही. हे बोलले आणि जीभ चावली, पण शब्द गेला होता. आई माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिचा हात धरला आणि डब्याच्या मागे नेला, पंखा जिथून आतला गरम वारा बाहेर टाकतो तिथे.

“हा बघ,” म्हटलं. “इथून येतो तो.”

तिने तळवा पसरून धरला. चादर तिच्या मांडीवर होती, आकडा खाली उतरत होता.

त्यानंतर रोज दुपारी ती तिथेच बसायची, आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही. सगळे तुकडे झाले. त्यात काय आहे? डिझेल, पट्टा, खलाशाला दिलेल्या शिव्या. एकदा, भूक लागली रे. मी ते रोज ऐकते. आईला ऐकायचे आहेत का विचारलं, तर नको म्हणाली.

काम संपलं. नुसत्या टायपिंगने हे नवं मशीन तापत नाही. पहिल्याच दुपारी आई येऊन बसली, मागे हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “गार पडलाय गो.”

मी टाइप करत होते ते तसंच सोडलं आणि टेस्ट लावली.

तेव्हापासून रोज लावते. परवा दुकानदार केबल द्यायला आला तेव्हा पंखा घोंघावत होता. अजून कसली टेस्ट करता ताई, चांगला आहे तो, म्हणाला. मी म्हटलं, खात्री करून घेते. तो हसून गेला. मी आकड्याकडे बघत बसले. सत्तरवर येऊन टिकला तसा मी विचारलं, “लागला गरम?”

“लागला,” आई म्हणाली.