लेगियेमच्या उशाचं क्रोटन

माझ्या आईच्या मावशीचा नवरा सेत्रो हा जावातल्या एका कॉफीच्या मळ्यातल्या बंगल्यावर माळी होता. त्याच्याइतका अदबशीर माणूस मी दुसरा पाहिला नाही. फांदी छाटायच्या आधी तो झाडाची परवानगी मागायचा आणि कुंडी हलवायची असली तर कुठे नेतोय ते तिला आधी सांगायचा. माणसांशी बोलताना तर त्याची नजर समोरच्याच्या पायांवरच असे. "आमच्या ह्यांना देवाने मान दिली ती डोलवायला," असं रासिनेम मावशी चारचौघांत म्हणायची. तो हसून घ्यायचा.

त्यांना एकच मुलगी झाली, लेगियेम. सहाव्या वर्षी ती तापाने गेली. तापात तिचं डोकं भादरलं होतं, कपाळावर तेवढा एक झुपका ठेवला होता. गावाच्या कबरस्तानात चाफ्याखाली तिला पुरलं आणि सेत्रोने उशाशी क्रोटनचं रोप लावलं. गरिबाच्या कबरीवर दगड कोण बसवतो? लाकडी पाटी दोन-तीन पावसाळ्यांत कुजते, मग झाडावरूनच आपलं माणूस ओळखायचं. लेगियेमच्या झाडाची पानं अरुंद आणि पिळवटलेली होती. कोवळी असताना पिवळीजर्द, मग शिरांमधून लाल उतरत जायचं आणि शेवटी सगळं पान ताज्या जखमेसारखं दिसायचं. तसं झाड त्या डोंगरात दुसरीकडे नव्हतं.

बंगल्याच्या मालकीण फान एल्डिकबाई क्रोटनच्या वेड्या होत्या. बेटाबेटांवरून मागवलेली क्रोटनं त्यांनी बंगल्यापुढे रांगेने लावून घेतली होती. एकदा मुकादम आणि सेत्रोला बरोबर घेऊन घोड्यावरून फिरताना त्यांना हे झाड दिसलं. गवत माजलेलं, पाट्या कुजलेल्या, त्यांना ते रानच वाटलं. कुणाचं आहे, असं त्यांनी विचारलं. मुकादम म्हणाला, कुणाचंच नाही. मग त्यांनी सेत्रोकडे पाहिलं. उद्या बंगल्यावर लावशील ना? सेत्रोच्या तोंडून "होय" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन गेला. न सांगता झाड उपटणं त्याला जमणारं नव्हतं. मुळाभोवतीची माती मोकळी करता करता तो म्हणाला, "बाळा, बंगल्यावर बोलावलंय. चल."

व्हरांड्याच्या पायऱ्यांशेजारी त्याने ते लावलं. क्रोटन हलवलं की रुसतं, पानं टाकतं. ह्याने एकही पान टाकलं नाही.

महिनाभराने बंगल्यातला म्हातारा कुत्रा दुपारी खालच्या पायरीशी येऊन निजू लागला. मान वर करून, डोळे मिटून, कुणी गळ्याखाली खाजवत असल्यासारखा. नोकरमाणसं ती पायरी टाळून बाजूने जायला लागली. मग एक दिवस मालकीणबाईंनी सेत्रोला विचारलं, दुपारी इथे येऊन बसते ती मुलगी कुणाची? छान शहाणी आहे, काही मागत नाही. डोकं भादरलेलं आहे बिचारीचं, पुढे एवढासा झुपका.

सेत्रोने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रासिनेम तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. आमच्याकडे बायका नवऱ्याला कांग म्हणतात.

"कांग, झाड नेलंत ते नेलंत. तिला 'चल' कशाला म्हणालात?"

"न सांगता कसं उपटायचं?"

"त्या बाईला नाही म्हणायला तोंड उघडलं नाही तुमचं. पोरीला मात्र बरोबर हुकूम सोडलात."

त्याने झाडाची एक फांदी आणून कबरीच्या उशाशी खोचली आणि लेकीला परत ये म्हणून हाक मारली. फांदी काळी पडली. पुन्हा खोचली, पुन्हा तेच. तिकडे मालकीणबाई आता दुपारचा चहा पायरीजवळ मागवू लागल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. रिकाम्या पायरीकडे बघून त्या आपल्या भाषेत हळू काहीतरी सांगायच्या, मध्येच थांबायच्या, उत्तर ऐकल्यासारखं करून हसायच्या. बशीतली बिस्किटं पायरीवर तशीच राहायची. त्यांना मुंगीसुद्धा लागत नसे.

पुढच्या वर्षी मालकांनी मळा विकला. दोघं हॉलंडला परत निघाली. बाईंनी सगळी बाग मागे सोडली, पण ते एक झाड काचेच्या पेटीत घालून न्यायचं ठरवलं. पेटीच्या फटी पुट्टीने बुजवायच्या आणि बोटीवर ती उघडायचीच नाही, म्हणजे झाड जगतं. पेटी भरायचं काम अर्थात सेत्रोचं.

रासिनेम त्या दिवसांत जेवत नव्हती. "सांगा तिला, ते कबरीवरचं आहे म्हणून," ती म्हणत राहिली. "समुद्रापलीकडे माझ्या लेकीला कोण ओळखणार?"

"सांगितलं तर सोडेल असं वाटतं तुला?" सेत्रो म्हणाला. "पोर कोण ते कळलं तर दोन्ही हातांनी धरून नेईल."

त्याने एकच ठरवलं, की झाड काढताना अवाक्षर बोलायचं नाही. आपण नाही बोलावलं तर ती कशाला जाईल?

निघायच्या दिवशी भर दुपारी त्याने ओठ घट्ट मिटून ते झाड खणलं. मुळं मातीसकट पेटीत ठेवली तेव्हा बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आज काही बोलला नाहीस? तू बोलल्याशिवाय झाड लागत नाही. बोल की."

सेत्रो मुळांवर माती दाबत राहिला. बाईंनी पुन्हा सांगितलं. त्या अजिजीने सांगत होत्या, आणि तेच त्याला कठीण गेलं. नोकरांशी बोलण्यापुरती बाजारातली मलय भाषा बाईंना येत असे, आमच्या घरातली जावानीज मुळीच नाही. सेत्रो पेटीवर वाकला आणि रोजच्याच मऊ आवाजात जावानीजमध्ये म्हणाला, "लेगियेम, ही बाई फार लांब चाललीय. झाड तिला देऊन टाकू. तू उतर. आई वाट बघतेय."

बाईंनी समाधानाने मान हलवली. मग त्यांनी आपला झगा जरासा उचलून बाजूला घेतला, लहान मुलाला पुढून जायला वाट द्यावी तसा. आपण असं का केलं हे त्यांना कळलं नसावं, कारण त्या मागे वळून रिकाम्या पायरीकडे बघत राहिल्या. नवऱ्याने गाडीतून दोनदा हाका मारल्या तेव्हा कुठे त्या निघाल्या. पेटी त्यांनी मांडीशी घेतली होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या काचेवर बोटाने टिचक्या मारत होत्या.

सेत्रो रासिनेमला घेऊन आला. बंगल्याची दारं-खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. दोघं खालच्या पायरीवर टेकली. ऊन कलायला लागलं. कुत्रा बागेच्या टोकाला आडवा पडला होता, जवळ येत नव्हता.

"आली असेल का उतरून?" सेत्रोने विचारलं.

रासिनेम समोर बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, "कांग, जरा सरका."

तो सरकला. दोघांमध्ये वीतभर, हातभर जागा झाली. त्या जागेकडे पाहायचा त्याला धीर झाला नाही.

थोड्या वेळाने ती उठली. एक हात अंगापासून किंचित दूर, खाली सोडलेला. पावलं अगदी लहान टाकत ती फाटकाबाहेर पडली आणि घराच्या वाटेला लागली. कबरस्तान दुसऱ्या अंगाला आहे, असं सेत्रो तिला सांगणार होता. सांगितलं नाही. दोघींच्या मागून, थोडं अंतर ठेवून, तो चालत राहिला.